परतफेडीचा दावा
* रजनीशांचा संप्रदाय १९८१ साली पुण्याच्या कोरेगाव पार्कातून अमेरिकेतील ओरेगन राज्यात गेल्यानंतर, शिष्यांनी श्रद्धापूर्वक सुपूर्त केलेले द्रव्य दान समजावे की कर्ज, हा वाद पोर्टलंड येथील न्यायालयापुढे आला. आपण सुमारे ३ लाख १० हजार डॉलर उसने दिले होते, असा एका माजी शिष्येचा दावा होता. ती रक्कम देणगीच होती, असा संस्थेचा जबाब होता. आणि १९८५ साली ज्यूरीने शिष्येच्या बाजूने कौल देऊन सुमारे १७ लाख डॉलरांची भरपाई मंजूर केली. गुरुचरणी सर्वस्व अर्पण करणाऱ्यास दस्तऐवज मागणे हा अविश्वास वाटतो; म्हणूनच रोखा, पावती व हिशेब देण्याची जबाबदारी द्रव्य स्वीकारणाऱ्या संस्थेचीच मानली पाहिजे. — संपादक