घंगाळावरचं नाव

नांदेडच्या आमच्या घरी माळ्यावर एक तांब्याचं घंगाळ आहे. नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी ते खाली निघतं, चिंचेनं घासलं जातं आणि पहाटे त्यात अभ्यंगाचं पाणी ओततात. त्याच्या काठावर ठोक्यांनी कोरलेली एक ओळ आहे. लहानपणी मला ती नक्षी वाटायची. शाळेत असताना कधीतरी कळलं की ती उर्दू अक्षरं आहेत. भांड्यांवर नाव घालायची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. आमच्या बाकीच्या भांड्यांवर पणजोबांचं नाव आहे, मराठीत. हे एकच उर्दूत कसं, असं विचारल्यावर आजी म्हणाली, "त्या साली आलं ते." कोणत्या साली, हे मराठवाड्यात विचारावं लागत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. इतिहास हा माझा विषय नाही, दहावीनंतर त्याच्याशी संबंधही उरला नव्हता. त्या घंगाळाची आठवण पुन्हा निघाली ती पार कोरियात, सुवॉन शहरात. कंपनीच्या कामासाठी मी तिथे वर्षभर होतो. खिशात कायम एक कार्ड ठेवावं लागे, त्यावर मी परदेशी असल्याची नोंद. एका संध्याकाळी तिथल्या एका जुन्या भारतीय हॉटेलवाल्यानं मला २०१२ सालची गोष्ट सांगितली. त्या एप्रिलमध्ये सुवॉनमध्ये एका तरुणीचं अपहरण झालं. तिनं पोलिसांना फोन केला होता, तरी त्यांना तिच्यापर्यंत पोचायला कित्येक तास लागले. तोवर तिचा खून झाला होता. पोलिसांच्या हलगर्जीवर देश खवळला, राष्ट्रीय पोलीसप्रमुखांना पद सोडावं लागलं. आरोपी चिनी नागरिक होता. त्याला खालच्या कोर्टात फाशी आणि अपिलात जन्मठेप झाली. हे सगळं रीतसर झालं. पण हॉटेलवाला म्हणाला, त्यानंतर किती तरी महिने परदेशी दिसणाऱ्या माणसाला भाड्यानं खोली मिळेना. "गुन्हा एकानं केला, हिशोब आमच्याकडे आला."

हे वाक्य ऐकताना मला लातूर आठवलं. का, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

निजामाच्या मुलखात परक्यांची वस्ती जुनी. येमेनमधल्या हद्रामौत भागातले अरब अठराव्या शतकापासून दख्खनमध्ये शिपाईगिरी करायला येत होते. मराठ्यांच्या फौजांतही ते होते. हद्रामौतमध्ये पुढे सुलतान झालेल्या कुऐती घराण्याची श्रीमंतीसुद्धा हैदराबादच्या जमादारीतून आलेली. दुसरे रोहिले आणि पठाण, उत्तरेकडून आणि सरहद्दीकडून आलेले. या लोकांची सत्ता बंदुकीइतकीच कर्जाच्या वहीत होती. अरब जमादार सावकारी करत, कर्जदाराला स्वतःच्या कोठडीत डांबत, आणि आपल्या माणसांचे तंटे आपणच तोडत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिवाण सालारजंग यांना राज्याचा कारभार लावताना सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते यांच्याशी. म्हणजे एका काळी परका असणं हेच इथे न्यायाच्या वर असणं होतं. खेड्यांतून रोहिल्याची वसुली कशी चाले याच्या गोष्टी माझ्या आजोबांनाही ऐकून माहीत होत्या. दाराशी बसून राहायचा, पैसे मिळेपर्यंत उठायचा नाही. त्या भीतीला कारण होतं.

लातूरमध्ये आणखी एक प्रकारचे बाहेरचे होते, आणि त्यांच्या हातात बंदूक नव्हती. बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातूरला पोचली आणि गावाची बाजारपेठ फुगली. तिथे कच्छी मुसलमान व्यापारी येऊन स्थिरावले होते. आज गंजगोलाईत उभं राहिलं की सोळा रस्ते अंगावर येतात, मधे अंबाबाईचं देऊळ, भोवती दुकानं. १९४८ पूर्वी इथल्या बाजारात कोणाकोणाच्या गाद्या होत्या याचा विचार मी लातूरला बारावीच्या शिकवणीला असताना एकदाही केला नव्हता. तेव्हा आमच्या डोक्यात फक्त 'लातूर पॅटर्न' होता.

आणि याच लातूरमध्ये कासिम रझवी वकिली करत होता. अलीगढला शिकलेला, इत्तेहादुल मुसलमीनचा पुढारी, रझाकारांचा सेनापती. रझाकारांनी काय केलं ते मी नव्यानं सांगायची गरज नाही, पण गाळून पुढे जाणंही बरोबर नाही. २९ ऑक्टोबर १९४६ला बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. पुढच्या दोन वर्षांत गावं जळली, माणसं मारली गेली, हजारो कुटुंबं हद्द ओलांडून बार्शी, सोलापूर, उमरखेडकडे गेली. आमचं घर त्यांतलंच. पणजोबांना गावच्या चावडीसमोर मारहाण झाली, त्यानंतर सगळे रातोरात हदगाव तालुक्यातून पैनगंगा ओलांडून उमरखेडला गेले. आजोबा तेव्हा तेरा वर्षांचे. ते सांगायचे की नदी ओलांडताना आईनं दोन्ही हातांतल्या पाटल्या काढून कमरेला बांधल्या होत्या, आणि घरातली भांडी मात्र विहिरीत टाकली होती.

१३ सप्टेंबर १९४८ला भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गला शिरलं. पाच दिवसांत निजामाची फौज शरण आली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी राज्यपाल झाले. शाळेत आमचा धडा इथे संपायचा. १७ सप्टेंबरला झेंडावंदन, खाऊ, सुट्टी.

त्यानंतर काय झालं, याची बातमी दिल्लीला नेहरूंपर्यंत पोचली होती. त्यांनी पाठवलेल्या मंडळात पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री होते. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते संस्थानातल्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरले, एकशे नऊ गावांतल्या पाचशेहून जास्त लोकांशी बोलले. त्यांचा अंदाज, आणि तो हात राखून केलेला, असा की पोलिस ॲक्शनच्या दिवसांत आणि नंतर संस्थानभर २७,००० ते ४०,००० माणसं मारली गेली. सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. या चारांतच किमान १८,००० मृत्यू.

या यादीत लातूर जिल्हा दिसत नाही, कारण तो १९८२ साली झाला. तेव्हा लातूर गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदरमध्ये. म्हणजे आजचा लातूर जिल्हा त्या चारांपैकी दोन जिल्ह्यांच्या तुकड्यांतून बनलेला आहे. नकाशा बदलला की आकडे कोणाच्याच नावावर राहत नाहीत.

लातूर गावाबद्दल मात्र अहवाल वेगळं लिहितो. तिथे कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली. गावात सुमारे दहा हजार मुसलमान होते. मंडळ पोचलं तेव्हा जेमतेम तीन हजार उरले होते. हजारावर मारले गेले, बाकीचे जीव घेऊन पळाले. कच्छी व्यापाऱ्यांची धूळधाण झाली. रझवीचं गाव म्हणून लातूरचा उल्लेख त्या अहवालातच आहे. रझवीचा हिशोब त्याच्या गावाकडून वसूल झाला, आणि तो ज्यांनी भरला त्यांतल्या कित्येकांचा रझवीशी धर्मापलीकडे काही संबंध असेल असं मानायला आधार नाही. मेमन दुकानदार सकाळी गादीवर बसून कापूस आणि करडईचे भाव बघणारा माणूस.

अहवाल एकांगी नाही, हेही सांगतो. रझाकारांच्या अत्याचारांची दखल त्यात आहे. काही ठिकाणी सैनिकांनी पुरुषांना बाहेर काढून मारल्याचं तो लिहितो, तसंच सैन्याच्या अधिकाऱ्यांनी मुसलमानांना वाचवल्याचंही. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवताना स्वतःचे जीव गमावले, हे त्यातलं वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि सुवॉनच्या त्या थंडीत खाली चालायला गेलो.

आता न्यायाकडे. रझवीवर खटला चालला. विशेष न्यायाधिकरणापुढे, बीबीनगरच्या दरोड्याबद्दल. त्याला वकील मिळाले, अपील मिळालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९५३ साली तिथे नव्या राज्यघटनेच्या समतेच्या कलमावर युक्तिवाद झाला. शिक्षा कायम राहिली. १९५७ साली सुटून तो पाकिस्तानला गेला आणि १९७० साली कराचीत मेला. मला यात तक्रार काहीच नाही. राज्य असंच चालायला हवं, शत्रूलाही अपील असावं. फक्त एवढंच की लातूरच्या त्या वीस दिवसांची कहाणी अशा कुठल्या भरल्या न्यायालयात ऐकली गेली नाही. सुंदरलाल मंडळ हा चौकशी आयोग नव्हता, सलोख्यासाठी पाठवलेलं मंडळ होतं. शपथेवर साक्ष नाही, आरोपी नाही, उलटतपासणी नाही. आणि जे काही लिहिलं गेलं तेही सरकारनं प्रसिद्ध केलं नाही. त्यातले उतारे १९८८ साली ओमर खालिदी यांनी संपादित केलेल्या पुस्तकात आले, आणि २०१३च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात अहवाल पाहायला मिळू लागला. तोवर आमच्या आजोबांच्या पिढीतले बहुतेक गेले होते.

खऱ्या अर्थानं परदेशी असलेल्यांचं काय झालं? लष्करी राजवटीनं अरब, रोहिले, पठाण यांना मोठ्या संख्येनं छावण्यांत ठेवलं आणि देशाबाहेर घालवायचं ठरवलं. पण मग प्रश्न निघाला: परदेशी म्हणजे कोण? आजा हद्रामौतचा, बाप इथे जन्मलेला, आई इथली, घरात बोली दखनी. अशा माणसाला पाठवायचं कुठे? हद्रामौत तेव्हा ब्रिटिशांच्या एडन संरक्षित प्रदेशात होतं. काही जण बोटीनं गेले, पुष्कळ जण इथेच राहिले. हैदराबादचं बारकस आजही त्यांचंच आहे. कागदाची ही भानगड मला सुवॉनमध्ये नीट कळली. परकीयांविषयीच्या आपल्या १९४६च्या कायद्यात, जो २०२५पर्यंत लागू होता, एक तरतूद होती: आपण परदेशी नाही हे त्या माणसानंच सिद्ध करायचं. इतर कायद्यांत सरकारनं गुन्हा सिद्ध करायचा असतो, इथे उलट. हैदराबादेत १९४८ला कायदा लष्करी राज्यपालांच्या हुकमाचा होता, पण प्रश्नाची तऱ्हा तीच.

आणि जो माणूस छावणीत बसून आपण इथलेच आहोत हे पटवत असेल, तो माझं घर लुटलं म्हणून फिर्याद कशी देणार? त्याच्यासमोरचा अधिकारी आधी त्याला विचारतो, तू कोण. कच्छी व्यापारी गाव सोडून गेला, त्याची फिर्याद त्याच्यासोबत गेली. विधवा उरल्या, त्यांना चावडीवर उभं राहणं माहीत नव्हतं. फिर्यादी नाही म्हणून गुन्हा नाही, असा तो साधा हिशोब होता. सुवॉनच्या खटल्यात मयत मुलगी त्या देशाची होती, आणि म्हणून पोलीसप्रमुखालाही जाब द्यावा लागला. मयत माझ्यासारखा कार्डवाला असता तर इतकं झालं असतं का, हे मी त्या हॉटेलवाल्याला विचारलं. तो भाकरी लाटत होता तो थांबला, म्हणाला, "जेवून घे."

परत आल्यावर मी ऑफिसातल्या हैदराबादच्या एका मैत्रिणीला घंगाळाचा फोटो पाठवला. तिनं पाच मिनिटांत नाव वाचून पाठवलं. नावापुढे 'खान' आणि आमच्याच गावाचं नाव. ते नाव इथे लिहीत नाही.

मग एक गोष्ट लक्षात आली, जी आधीच यायला हवी होती. आजोबांची शाळा निजामाच्या राज्यातली, उर्दू माध्यमाची. ते म्हातारपणीही हिशोब उर्दू आकड्यांत करायचे. म्हणजे साठ वर्षं दर दिवाळीला त्या घंगाळासमोर पाटावर बसून, अंगाला उटणं लावून घेताना, ते नाव ते वाचत होते.

आजी नाही आता. आजोबांचे धाकटे भाऊ आहेत, हदगावला. मागच्या महिन्यात त्यांना भेटलो. त्यांना म्हटलं, अप्पा, उमरखेडहून परत आलात तेव्हा आपली भांडी विहिरीतून निघाली का? म्हणाले, "निघाली की सगळी. गाळ काढावा लागला." मग खानाचं भांडं कशाला आणलं? बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले की खानाचं घर दोन दिवस उघडं होतं, दारं पण नेली होती लोकांनी, आणि वडलांनी सांगितलं, आणायचं काही नाही. तरी कोणीतरी आणलं. कोणी, ते त्यांनी सांगितलं नाही. खान आपल्याला त्रास द्यायचा का, असं विचारलं, तर म्हणाले, "तो नाही. तो आजारीच असायचा. त्याचा पोरगा माझ्या वर्गात होता."

तो पोरगा कुठे गेला, हे विचारल्यावर अप्पांनी नुसता हात हैदराबादच्या दिशेला केला, आणि आत वळून चहा टाकायला सांगितलं.