अननसाचे कूळ आणि बांडगुळाचा आरोप

वाशिंदहून शहापूर वा मुरबाडच्या बाजूला जाताना जुन्या आंब्यांवर बांडगूळ दिसते. आणि जरा निरखले तर फांद्यांवर आमरीही आढळते. पाहणारा पुष्कळदा दोन्हींना एकच नाव देऊन मोकळा होतो. वस्तुतः बांडगूळ आपली मुळे झाडाच्या आत घुसवून पाणी व क्षार ओढते. आमरीला हवा असतो तो केवळ आधार. वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेत तिला 'अपिवनस्पती' म्हणतात. शब्द रुक्ष आहे, पण त्यात आरोप नाही.

अमेरिकेच्या उष्ण अरण्यांत हीच जागा ब्रोमेलिएसी कुळातील असंख्य रानटी जातींनी व्यापलेली आहे. कुळातील जाती तीन हजारांहून अधिक. पश्चिम आफ्रिकेतील गिनीमधली एक सोडली तर साऱ्या अमेरिका खंडांतल्या. कित्येकींच्या पानांच्या बेचक्यात पावसाचे पाणी साठते व त्यात बेडकांची पिल्ले वाढतात. काही जाती पानांवरच्या सूक्ष्म खवल्यांतून पाणी शोषतात, मूळ नुसते धरून ठेवण्यापुरते. अशा वनस्पतीचे वर्णन मराठीत आणताना 'बांडगूळ' हा शब्द सहज पुढे येतो. समीक्षेलाही तो बहाल करणारे आमच्यात कमी नाहीत!

या कुळातला एकच सदस्य आमच्या घराघरांत पोहोचला, तो अननस. तो जमिनीवर वाढतो, पण कुळाची काटकसर सोडत नाही: पानांची रंध्रे मुख्यतः रात्री उघडतो, म्हणजे दिवसाच्या उन्हात पाणी कमी खर्चावे लागते. लागवडीतल्या फळात बी बहुधा नसते. शेंडा वा फुटवा लावला की पुरे. जहाजावरचा प्रवास त्याला सोसला तो यामुळे. तुपी भाषेतले नाव पोर्तुगीजांच्या तोंडून मराठीत आले. गोव्याच्या कोंकणीत ते 'अनस' झाले.

सर्वांनीच मात्र नाव उसने घेतले नाही. 'आईन-इ-अकबरी'त अननसाला 'कटहल-इ-सफरी', म्हणजे प्रवासी फणस, असेही म्हटले आहे; रोप कुंडीत घालून प्रवासात नेता येते, हे कारणही तिथेच दिले आहे. 'हॉर्टस मलबारिकस'च्या (१६७८–१६९३) अकराव्या खंडात तो 'कपा-चक्का' होतो. मल्याळम 'चक्का' म्हणजे फणस. अनोळखी फळाला ओळखीच्या फळाची उपमा देणारी ही नावे आम्हाला उसन्या नावाहून अधिक बोलकी वाटतात. त्याच ग्रंथासाठी कोचीनमधील रंगभट, विनायक पंडित व आपुभट या कोंकणी वैद्यांनी साह्य केले. १६७५ सालचे त्यांचे देवनागरी लिपीतील कोंकणी प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. लिनियसने १७५३मध्ये 'ब्रोमेलिया अननस' असे शास्त्रीय नाव दिले, तेव्हा 'कपा-चक्का'चा हवाला तिथे नोंदवला होता.