मोडीत न निघालेला बंब

इंदुरातल्या आपल्या जुन्या वाड्यांत न्हाणीघर म्हणजे तांब्याचा बंब आणि शेजारी घंगाळ. बंबाच्या पोटातून उभी नळी, तळाशी जाळी, भोवती पाणी. ढलप्या, करवंट्या, गोवऱ्या, काहीही घाला, पाणी कढत!

तीन-तीन पिढ्या ही भांडी टिकली. तांबं लोखंडासारखं गंजून झडत नाही, हे एक कारण. दुसरं कारागिराचं. तांबं तापवलं की मऊ पडतं, ठोकलं की कडक होतं. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत या ठोकण्याला मठारकाम म्हणतात. घंगाळाच्या अंगावरचे ते ठोके नुसते शोभेचे नाहीत, त्यानेच पत्रा ताठ राहतो. बँकेत आम्ही खुर्च्या-टेबलांना दरसाल घसारा लावायचो, बंबाला कुठला दर लावणार?

दगा द्यायचा तो सांधा. पाणी न भरता जाळ केला की डाख वितळे आणि बंब गळू लागे. बर्तन बाजारात नेऊन नवा डाख मारला की काम भागे.

पुढे गॅस-गीझर आले आणि कितीतरी बंब वजनावर मोडीत गेले. घडणावळ शून्य!

ज्यांच्याकडे अजून आहे त्यांनी त्याला मशीनचं पॉलिश करू नये. पत्रा झिजतो, ठोके पुसतात. चिंच-मीठ पुरे. बंब रात्रभर भरून ठेवा, सकाळी ओल दिसेल तेवढाच सांधा डाखून घ्या. घंगाळात मनीप्लँट लावायची सध्या फॅशन आहे, लावा बापडे. आमच्याकडे नरकचतुर्दशीचं पाणी अजून त्यातच काढतात.