उत्तेजक पदार्थ व बुद्धिव्यापार : ठाणे–कल्याण परिसर

जाग, अवधान व कामाचा वेग काही काळ वाढवणारे पदार्थ. या परिसरात चहातील कॅफीन, तंबाखूतील निकोटीन व सुपारीतील अरेकोलीन ही तीन प्रमुख. कॅफीन व निकोटीन ही मुळात वनस्पतींची कीटकांपासून बचाव करणारी विषे होत. चहा आणि कॉफी यांत कॅफीन बनवण्याची क्षमता स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली, हे कॉफीच्या जनुकसंचाच्या अभ्यासातून (२०१४) स्पष्ट झाले. कॉफी व लिंबूवर्गीय फुलांच्या मधुरसातील अत्यल्प कॅफीनमुळे मधमाश्यांची गंधस्मृती अधिक टिकते, असे २०१३ मधील प्रयोगांत आढळले.

अशा रसायनांशी मानवी पूर्वजांचा संबंध फार जुना असून शरीर त्यांना सरावलेले आहे, असे संशोधक सलिव्हन व हेगन यांनी २००२ मध्ये मांडले. यावर मतभेद आहेत. मादक अळंब्यांमुळे मानवाची बुद्धी वाढली, या लेखक मॅकेना यांच्या कल्पनेला (१९९२) पुरावा नाही.

कॅफीन मेंदूत थकव्याची जाणीव करून देणाऱ्या अॅडिनोसिनची जागा अडवते. त्यामुळे झोप अपुरी झालेल्याचे अवधान बऱ्याच अंशी सावरते. बुद्धी मात्र वाढत नाही, आणि बुडालेली झोप भरून निघत नाही. शरीरातील निम्मे कॅफीन नाहीसे होण्यास साधारण ५ तास लागतात. धूम्रपान करणाऱ्यांत कमी, गर्भवतींत बराच जास्त. पहाटेची लोकल गाठणाऱ्या डोंबिवली–कल्याणच्या नोकरदाराने परतताना, संध्याकाळी उशिरा घेतलेला चहा म्हणूनच रात्रीच्या झोपेच्या आड येतो.

चहा येथे उशिरा रुजला. रेल्वे ठाण्यास १८५३ मध्ये व कल्याणला १८५४ मध्ये पोचली, पण १८९० मध्येही पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक, रानडे आदींवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. अर्थात तो वाद मिशनऱ्यांच्या हातचे घेण्याचा होता. १९०३ च्या कायद्याने निर्यातीवर बसवलेल्या उपकराच्या पैशातून पुढे देशभर चहाचा प्रचार झाला. रेल्वे स्थानके हे त्याचे एक मोठे साधन ठरले. टपरीवरील ‘कटिंग’ (अर्धा पेला) हे आजचे सर्वसाधारण माप.

तंबाखू पोर्तुगीज व्यापारामार्फत भारतात आली; वसई पोर्तुगीजांकडे १५३४ ते १७३९ होती. चुना लावून मळलेली तंबाखू व मिश्री अद्याप प्रचारात आहेत.

सुपारी विड्याच्या पानासोबत खाल्ली जाते; पानवेलीच्या बागांसाठी वसई व केळवे–माहीम (आता पालघर जिल्हा) प्रसिद्ध. सुपारी कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. सुपारी व तंबाखूच्या गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे.

या परिचित पदार्थांपलीकडे, एकाग्रतेच्या विकारावर दिले जाणारे मेथिलफेनिडेट हे उत्तेजक औषध १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या सूचीत असून ते केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते.