आईबापाचा जन्म कुठला? एका रकान्याची कुळकथा

एप्रिल 2020 पासून देशभर घरोघर भरून घ्यायच्या राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीत, म्हणजे एनपीआरमध्ये, एक रकाना नवा होता: आईवडिलांचा जन्म कधी आणि कुठे झाला? 2010 च्या नोंदवहीत हा प्रश्न नव्हता. रकाना नवा असला तरी त्याचं कूळ जुनं आहे.

1955 च्या नागरिकत्व कायद्याला आईबापाशी फारसं कर्तव्य नव्हतं. 26 जानेवारी 1950 पासून भारतात जन्मलेलं मूल, थोडे अपवाद वगळता, भारतीय. पुढे आसाम आंदोलन झालं, 1985 चा करार झाला आणि कायदा बदलला. 1 जुलै 1987 पासून जन्मणाऱ्या मुलाच्या आईबापांपैकी एक तरी भारतीय असणं बंधनकारक झालं. 3 डिसेंबर 2004 पासून त्यात भर पडली: एक भारतीय हवा आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नको. अशी मुलाच्या नागरिकत्वाची तपासणी आईबापाच्या जन्मगावापर्यंत जाऊन पोचली.

डिसेंबर 2003 च्या नियमांनी या तपासणीला यंत्रणा दिली. लोकसंख्या नोंदवहीतली माहिती पडताळायची, ज्याचं नागरिकत्व संशयास्पद वाटेल त्याच्या नावापुढे शेरा मारायचा आणि या कामी राज्य सरकारच्या व स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांनीही मदत करायची, असं ते नियम सांगतात.

आता हा रकाना तेलंगणातल्या आदिलाबादेत भरून पाहा. 1950 साली किनवटला जन्मलेली आणि जैनदला दिलेली एक मराठी बाई धरा. ती जन्मली तेव्हा किनवट हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत ते नांदेड जिल्ह्यात, मुंबई राज्यात गेलं. 1960 ला महाराष्ट्रात आलं. सासर मात्र आधी आंध्र प्रदेशात आणि 2014 पासून तेलंगणात. पैनगंगेच्या दोन्ही काठांना रोटी-बेटी व्यवहार चालूच राहिला, सरकारी दप्तरातलं राज्य तेवढं बदलत गेलं. जुने कागद उर्दूत, त्यावर फसली सन. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदाच मुळी 1969 चा. त्याआधी घरात जन्मलेल्यांचं वय ‘पोलीस ॲक्शनच्या साली’, ‘पोळ्याच्या आसपास’ असंच सांगितलं जायचं. उटनूरकडच्या गोंड आणि कोलाम पाड्यांवर तर लिहून ठेवणारा माणूस मिळणंच दुर्मीळ होतं. यांतलं कुणीही परकं नाही. यांचा जन्म कुणी कागदावर उतरवला नाही, इतकंच.

कागद नसला की काय होतं, हे 31 ऑगस्ट 2019 रोजी दिसलं. आसामच्या अंतिम राष्ट्रीय नागरिक नोंदणीतून, म्हणजे एनआरसीतून, 19 लाख 6 हजारांहून अधिक माणसं वगळली गेली. त्याच डिसेंबरात नागरिकत्व सुधारणा कायदा आला आणि राज्यं बोलू लागली. पश्चिम बंगाल आणि केरळने एनपीआरचं काम थांबवलं. 31 डिसेंबरला केरळ विधानसभेने सुधारणा कायद्याविरुद्ध ठराव केला. 16 मार्च 2020 रोजी तेलंगण विधानसभेनेही मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी मांडलेला ठराव मंजूर केला. कायद्यातले धर्माचे आणि परदेशांचे उल्लेख काढा, असं त्यात केंद्राला सांगितलं होतं. एनपीआर आणि एनआरसीसारख्या मोहिमांपासून राज्यातल्या जनतेचं रक्षण करा, असं स्वतःच्या सरकारलाही बजावलं होतं. चारच दिवस आधी केंद्रीय गृहमंत्र्यांनी राज्यसभेत ग्वाही दिली होती की कागद मागणार नाही, कुणाला संशयितही ठरवणार नाही. पुढे 25 मार्चला करोनामुळे एनपीआरचं काम लांबणीवर पडलं.

अमेरिकेत राज्यांच्या हाती अशा ठरावाहून जास्त बळ आहे. संघसरकारचा कायदा राबवायला राज्याच्या अधिकाऱ्यांना जुंपता येत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1997 च्या प्रिंट्झ खटल्यात ठरवलं. त्याच आधारावर कॅलिफोर्नियाने 2017 साली स्थानिक पोलिसांना स्थलांतरितांच्या धरपकडीपासून बऱ्याच अंशी दूर ठेवणारा कायदा केला. आपल्याकडे नागरिकत्व हा केंद्राच्या सूचीतला विषय आहे आणि संसदेच्या कायद्याचं पालन होईल असा कारभार करण्याचं बंधन कलम 256 राज्यांवर घालतं. विधानसभेच्या ठरावाने संसदेचा कायदा थांबत नाही.

तरीही ठराव वाया गेला असं मी मानत नाही. दारात उभा राहून माहिती लिहून घेणारा माणूस गावातलाच शिक्षक असतो, कागद तपासणारं कार्यालयही मंडलातलंच असतं. राज्याचा शब्द तिथे चालतो. म्हणून तेलंगणाने आणि महाराष्ट्रानेही आपल्या कर्मचाऱ्यांना लेखी आदेश द्यावेत: आईबापाच्या जन्माचा रकाना कोरा राहिला तर कोराच ठेवा, त्यासाठी कुणाच्याही नावापुढे शेरा मारू नका. सभागृहातली ग्वाही विसरली जाऊ शकते. लेखी आदेश शिक्षकाला दाखवता येतो आणि दारातल्या म्हातारीलाही.