सांवेरच्या पुढे शिंदेशाही

इंदूरहून उज्जैनला जायला आता तयारी अशी काही लागत नाही. सकाळी पोहे-जलेबी खाऊन निघालं की पंचावन्न किलोमीटर तासा-सव्वा तासात संपतात. मधे वाटलं तर सांवेरला चहा. माझी आजी मात्र शेवटपर्यंत म्हणायची, "जरा शिंदेशाहीत जाऊन येते." तिच्या हिशेबात सांवेर आपलं, म्हणजे होळकरांचं, आणि त्यापुढे परराज्य. १९४८ साली दोन्ही गाद्यांची राज्यं विलीन झाली, ही बातमी तिला ठाऊक होती, पण तिनं ती फारशी मनावर घेतली नाही.

तिचं चुकत नव्हतं. इंदूरच्या चौकात उभं राहून कुठल्याही दिशेला बैलगाडी हाकली तरी दोन-तीन मुक्कामांच्या आत कुणाचं तरी दुसरं राज्य लागायचंच. उत्तरेला शिंद्यांचं उज्जैन. ईशान्येला देवास, तिथे पवारांची एक सोडून दोन राज्यं. पश्चिमेला धार, तेही पवारांचंच, पण निराळं. दक्षिणेला तेवीस-चोवीस किलोमीटरवर महू, तिथे १८१८ पासून इंग्रजांची छावणी. सुभेदार रामजी सकपाळ लष्करात होते म्हणून त्यांचं बिऱ्हाड महूला होतं आणि १८९१ साली भीमराव तिथे जन्मले. होळकरांच्या मुलखाच्या ऐन मध्यात, पण इंग्रजांच्या अंमलाखाली.

मी जन्मभर ट्रान्सपोर्टच्या धंद्यात बिल्ट्या लिहिल्या आणि आजोबा होळकरांच्या सायर खात्यात कारकून होते. सायर म्हणजे मालावरची जकात. त्यामुळे सरहद्द म्हटली की आमच्या घरात कुणाला तिरंगी कमान किंवा बंदूकधारी शिपाई दिसत नाही. आम्हाला दिसतो नाकेदार. माणूस कुठे चालला याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. गाडीत काय आहे, एवढाच त्याचा सवाल.

नकाशावर ही राज्यं रंगवायला बसलं तर रंग पुरत नाहीत. होळकरांचा महिदपूर परगणा उज्जैनच्याही पलीकडे उत्तरेला, आणि रामपुरा-भानपुरा त्याहून लांब. म्हणजे इंदूरच्या अंमलदाराला आपल्याच राज्यातल्या महिदपूरला सरळ वाटेनं जायचं तर आधी शिंद्यांच्या मुलखातून जावं लागे. आलमपूरची तर कमालच. तो चिमुकला परगणा पार भिंडजवळ. पहिले मल्हारराव १७६६ साली तिथे वारले, त्यांची छत्री तिथे उभी राहिली, म्हणून तेवढा तुकडा होळकरांकडे राहिला. त्याला आजूबाजूला आपलं म्हणावं असं काहीच नव्हतं. कुणी अक्कल लावून आखलेल्या या हद्दी नव्हेत. पेशवाईत मोहिमांची, चौथाईची, सरंजामाची जी वाटणी झाली, ती १८१८ साली इंग्रजांनी जिथल्या तिथे गोठवली.

त्याआधी हा रस्ता काही सुखाचा नव्हता. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. ऑक्टोबरात शिंद्यांच्या बाजूनं सर्जेराव घाटगे इंदूरवर चालून आला आणि त्यानं शहर लुटलं, जाळलं. तीन महिन्यांत जाऊन-येऊन हिशेब चुकता. आमचे लोक अजूनही ही लढाई काल झाल्यासारखी सांगतात, आणि सांगणारा इंदूरचा असेल तर उज्जैनची अर्धी गोष्ट लांबते, इंदूरची अर्धी दोन वाक्यांत आटोपते.

मग २१ डिसेंबर १८१७ ला महिदपुरात होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह. राजधानी महेश्वरहून इंदूरला आली, आणि इंग्रजांचा रेसिडेंटही इंदुरात येऊन बसला. या तहातलं एक कलम मला फार बोलकं वाटतं. होळकरांनी इंग्रजांना कळवल्याखेरीज, त्यांच्या संमतीखेरीज, दुसऱ्या कुठल्या दरबाराशी बोलणं ठेवायचं नाही. म्हणजे उज्जैनकडच्या शिवेवर गुरं पळवल्याचा तंटा झाला, तर दरबारानं दरबाराला सरळ चिठ्ठी लिहून भागणार नाही. कागद आधी रेसिडेन्सीत. पुढे १८५४ साली सेंट्रल इंडिया एजन्सीचं ठाणंच इंदुरात झालं, त्यामुळे माळव्यातल्या सगळ्या दरबारांचे कज्जे आमच्या गावात येऊन पडू लागले. राजे एकमेकांशी परवानगीनं बोलत, आणि त्यांच्याच राज्यातली आमच्यासारखी कुटुंबं बिनदिक्कत सोयरिकी करत.

रेसिडेन्सी तरी कुठे दूर होती? शहराला लागूनच. तिचा बाजार म्हणजे आजची छावणी. तिथे अंमल इंग्रजांचा. १८७७ साली कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी इंदूरला आले. शहरात त्यांनी उघड प्रचार करावा हे दुसऱ्या तुकोजीरावांना मान्य नव्हतं, त्यावरून वर्षानुवर्षं वाद चालला. मिशनऱ्यांना आसरा रेसिडेन्सीच्या बाजूला मिळाला. १८८७ चं ख्रिश्चन कॉलेज त्याच काळातलं. एकाच शहरात थोडं चाललं की कायदा बदलायचा.

आता अफू. माळव्याच्या हद्दींचा खरा अर्थ अफूवाल्यांना कळला. १८२० नंतर कंपनीनं ठरवलं की माळव्याची सगळी अफू आपल्याच हाती यावी, आणि त्यासाठी एकेका संस्थानाशी करार करायला सुरुवात केली. होळकरांनी करार केला, शिंद्यांनी केला नाही. झालं! ज्या मुलखात हद्द दोन कोसांवर बदलते, तिथे एकानं दार लावलं आणि दुसऱ्यानं उघडं ठेवलं तर माल कुठून जाणार हे सांगायला सायर कारकून कशाला हवा? उंटांचे तांडे पाली, जैसलमेर करत कराचीला जात, तिथून गलबतानं पोर्तुगीजांच्या दमणला, आणि दमणहून चीनकडे. इंदूरच्या आसपासच्या शेतातली अफू मुंबईला जायची तर वाट केवढी जवळची. तरी ती वाळवंट तुडवून, समुद्र ओलांडून, फिरंग्यांच्या बंदराला जायची. कारण एकच, मुंबईच्या वाटेवर इंग्रजांचा नाका होता.

कंपनीला अखेर शहाणपण सुचलं. १८३० पासून मक्तेदारीचा नाद सोडून परवाना सुरू झाला. सुमारे १४० पौंडांच्या पेटीमागे १७५ रुपये भरा आणि खुशाल मुंबईला न्या. काटे बसले. इंदुरात, उज्जैनला आणि आणखी काही ठिकाणी पेट्या तोलायच्या, पैसे भरायचे, पास घ्यायचा. १८४३ साली सिंध इंग्रजांच्या घशात गेला आणि कराचीची चोरवाट बंद झाली, तसा दर वाढतच गेला. १८६१ च्या सुमाराला तो ७०० रुपयांवर पोचला होता. आजच्या कुठल्याही टॅक्स कन्सल्टंटला हा आलेख दाखवा, त्याला कारण विचारावं लागणार नाही. आमच्या सराफ्यातल्या पेढ्या या धंद्यावर, आणि त्याहून अधिक त्याच्या सट्ट्यावर वाढल्या. सेठ हुकुमचंदांनी पुढे गिरण्या काढल्या, पण पैसा आधी या वायद्याच्या सौद्यांत कमावला होता.

चोरांनाही हद्दी सोयीच्याच. टंट्या भिल्ल एका बाजूला इंग्रजी निमाड आणि दुसऱ्या बाजूला होळकरांचा मुलूख, अशा दोन्हीकडे वावरला. इकडचे पोलीस मागे लागले की तिकडे. वर्षानुवर्षं दोन्हीकडचे शिपाई त्याला शोधत राहिले. १८८९ साली तो सापडला, जबलपूरला खटला झाला आणि ४ डिसेंबरला फाशी. महूजवळ पातालपाणीला त्याचं ठाणं आहे, त्याला मान दिल्याशिवाय गाडी पुढे जात नाही, असं रेल्वेचे जुने लोक सांगतात.

साध्या माणसाला त्रास व्हायचा तो पत्रांचा. होळकरांनी १८८६ पासून स्वतःची तिकिटं काढली, तुकोजीरावांच्या चित्राची. ती फक्त होळकरांच्या राज्यात चालायची. म्हणजे इंदूरहून दूरच्या भानपुऱ्याला पत्र या तिकिटावर जाई, पण पंचावन्न किलोमीटरवरच्या उज्जैनला नाही. त्याला इंग्रजी टपालाचं तिकीट लागे. शिंद्यांची व्यवस्था वेगळी, हिंदुस्थान सरकारच्याच तिकिटांवर 'ग्वालियर' असा छापा मारलेली. आजोबांच्या पेटीत दोन्ही प्रकारची तिकिटं स्वतंत्र पुड्यांत असत.

रेल्वेनं थोडी सोय केली. दुसऱ्या तुकोजीरावांनी खंडवा-इंदूर मार्गासाठी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं, एकशे एक वर्षांच्या मुदतीनं. शिंद्यांनी इंदूर-नीमच मार्गासाठी ७५ लाख दिले. राजे पैसे देणार, रूळ इंग्रज टाकणार, गाडी दोघांच्याही हद्दीतून जाणार. उज्जैनला जायला फतेहाबादचा फाटा होता. १९४५ च्या सिंहस्थाला आजी याच छोट्या गाडीनं क्षिप्रेच्या स्नानाला गेली, आणि येताना भैरवगडची छापील चादर घेऊन आली. सायर कारकुनाची बायको! नाक्यावर काही विचारलं तर नवऱ्याची अब्रू जाईल म्हणून तिनं चादर अंगावर पांघरूनच प्रवास केला. वैशाखात. आजोबांनी हे ऐकल्यावर एवढंच म्हटलं, "वापरत्या कपड्यावर सायर नसतो, हे तुला कुणी सांगितलं?" आजीनं उत्तर दिलं नाही, पण ती चादर आमच्या घरी अनेक वर्षं होती.

देवासला मात्र रेल्वे नव्हती. इंदूरहून पक्क्या सडकेनं जायचं, तोच आग्रा-मुंबई रस्ता. माझी आत्या तिथे थोरल्या पातीत दिली होती. १७२८ साली तुकोजी आणि जिवाजी या पवार भावांनी देवास वाटून घेतलं, आणि वाटणी इतकी पक्की झाली की एकाच गावात दोन राजे, दोन वाडे, दोन दरबार. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोघांनाही तोफांची सलामी पंधराच. गावातल्या रस्त्याची एक कड एकाची, समोरची दुसऱ्याची. टेकडीवर देवीही दोन, बडी माता आणि छोटी माता, पण त्यांचं आपसात चांगलं आहे, असं आत्या म्हणायची.

१९१२ च्या अखेरीस इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर या देवासात पहिल्यांदा आला. १९२१ मध्ये तो थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खाजगी चिटणीस झाला आणि त्या दिवसांवर त्यानं १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक लिहिलं. इंदुरात ते वाचलेली माणसं कमी, न वाचता त्यावर रागावलेली जास्त. त्या तुकोजीरावांच्या आयुष्यात खरीखुरी आंतरराष्ट्रीय सरहद्द आली. राज्य कर्जात बुडालं, इंग्रज सरकार चौकशीला उठलं, तेव्हा महाराज निघाले ते थेट पाँडिचेरीला, फ्रेंचांच्या अंमलात. देवासहून इंदुरात येऊन त्यांना काहीच उपयोग नव्हता, कारण रेसिडेन्सी इथेच होती. १९३७ साली ते पाँडिचेरीतच वारले. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंहराव १९४७ साली दत्तक जाऊन कोल्हापूरचे शहाजी महाराज झाले.

आमच्या तिसऱ्या तुकोजीरावांनाही हद्द नडली, ती मुंबईत. जानेवारी १९२५ मध्ये मलबार हिलवर अब्दुल कादर बावला याचा खून झाला. मुमताज बेगम इंदूर दरबारातून निघून त्याच्याकडे राहिली होती आणि मारेकऱ्यांचे धागे इंदूरकडे निघाले. इंदुरात झालं असतं तर गोष्ट कदाचित इंदुरातच राहिली असती. मुंबईत इंग्रजी कोर्ट होतं. चौकशी की गादी असा प्रश्न आला आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये महाराजांनी गादी सोडली.

२२ एप्रिल १९४८ ला करारावर सह्या झाल्या, २८ मे रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मध्य भारताचं उद्घाटन झालं. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. आजोबांचं सायर खातं नव्या सरकारात विरघळलं. राजधानी कुठे, यावर इंदूर आणि ग्वाल्हेर दोघांनाही माघार नको होती, म्हणून हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर अशी वाटणी झाली, आणि दरवर्षी फायली, टंकयंत्रं, कारकुनांची बिऱ्हाडं हलू लागली. १९५६ ला भोपाळ राजधानी झाल्यावर ते थांबलं, पण वाटणी राहिलीच. लोकसेवा आयोग इंदूरला, महसूल मंडळ ग्वाल्हेरला, हायकोर्टाची खंडपीठं दोन्हीकडे. आबकारी आयुक्तही ग्वाल्हेरलाच बसतो. छावणीतल्या एखाद्या दारू दुकानदाराला आयुक्तांकडे दाद मागायची असेल, तर त्याचा वकील आजही आग्रा-मुंबई रस्त्यानं देवास, शाजापूर, शिवपुरी करत शिंद्यांच्या गावी जातो.