१६० फुटांच्या खोलीतली काटकसर : परळच्या चाळीतल्या सवयी गावाला आजही उपयोगी

परळ, लालबाग, शिवडी, वरळी हा मुंबईचा गिरणगाव. कोकण, सातारा, कोल्हापूर भागातून हजारो माणसं इथल्या कापड गिरण्यांत कामाला आली. १८ जानेवारी १९८२ ला मोठा संप सुरू झाला, तेव्हा त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. यातले बहुतेक चाळीत राहायचे. परळजवळच्या ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतली एक खोली १६० चौरस फुटांची. काही गावांनी तर गावकीच्या नावाने खोल्या घेतल्या होत्या. तिथे एका पाळीचे गडी कामावर गेले की दुसऱ्या पाळीचे वळकटी पसरायचे.

जागा कमी, पाणी वेळेवर, पगार मोजका. त्यामुळे वस्तू पुरवून वापरायची सवय आपोआप लागली. संडासापुढची रांग आणि दाटीवाटी परत कुणालाच नको आहे. पण त्यातल्या काही सवयी फुकटच्या आहेत आणि आज त्यांची गरज शहरापेक्षा गावाला जास्त आहे. मुंबईचा कचरा निदान गाडीत भरून देवनार, कांजूरमार्गला जातो. बऱ्याच गावांत घंटागाडीच येत नाही. बाजारातून आणलेलं प्लास्टिक शेवटी ओढ्यात, शेतात नाहीतर गाईच्या पोटात जातं.

पाणी : भरून ठेवा, मोजून वापरा

चाळीत पाणी ठरलेल्या वेळेलाच यायचं. पिंप, हंडे, कळशा भरून घ्यायच्या आणि दिवसभर तेवढ्यात भागवायचं. त्यामुळे तोंड धुताना नळ सोडून ठेवणं माहीतच नव्हतं. परळच्या नळाला येणारं पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा धरणांचं. तानसा आणि भातसा धरणं शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या काही गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. म्हणजे वाया गेलेला तांब्या कुणाच्या तरी वाट्याचा असतो.

घरी करून बघा : गळक्या नळाखाली रात्री भांडं ठेवा. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला चार लिटरहून जास्त पाणी जातं, वर्षाला दीड हजार लिटर. नळाचा वायसर बदलायला काही रुपये लागतात. भाजी, तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घाला. मोरीचं पाणी अळू, केळीकडे वळवा. तेवढी जागा नसेल तर शोषखड्डा काढा. गटार तुंबत नाही, डासही कमी होतात.

कपडा : फाटला तरी संपत नाही

जुन्या लुगड्यांची, धोतरांची गोधडी व्हायची. गोधडी विरली की पायपुसणं, त्यानंतर फडकं. बरे कपडे साठवून बोहारणीला द्यायचे आणि बदल्यात पातेलं, डबा घ्यायचा. यात सुती कपड्याचा फायदा असा की तो शेवटी मातीत मिसळतो. पॉलिस्टरचा कपडा वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि जाळला तर विषारी धूर होतो. नवीन घेण्याआधी शिवण, चेन, बटण दुरुस्त होतंय का ते बघा.

पिशवी : खुंटीवरची पुन्हा खिशात आणा

कापडी पिशवी खुंटीला आणि तेलाला घरची बरणी, हा चाळीतला रिवाज. आता कायदाही तेच सांगतो. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. दंड पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार आणि तिसऱ्यांदा २५ हजार रुपये व कैदेचीही तरतूद. बाजाराला निघताना मोबाईलसोबत पिशवी घ्या. गाडीच्या डिकीत एक जादा ठेवा. मटण-मासळीला झाकणाचा डबा न्या. घरात आलेलं प्लास्टिक चुलीत किंवा बंबात जाळू नका. तो धूर आधी घरातल्या बायका-पोरांच्या छातीत जातो. धुऊन, वाळवून एका पोत्यात साठवा आणि भंगारवाला घेईल ते त्याला द्या.

चूल, गॅस आणि वीज

कडधान्य रात्री भिजत घाला, लवकर शिजतं. पातेल्यावर झाकण ठेवा. कुकरला शिट्टी आली की आच बारीक करा. आच मोठी ठेवून डाळ लवकर शिजत नाही, नुसती वाफ जाते.

विजेचा हिशोब सोपा आहे. ६० वॉटचा जुना बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट जातात. ९ वॉटच्या एलईडीला दीड युनिटसुद्धा लागत नाही. असे तीन बल्ब बदलले तर महिन्याला २० युनिटच्या वर वाचतात.

वाटून वापरा

चाळीत लग्नकार्याची मोठी पातेली, शिडी, पाट शेजाऱ्यांकडून यायचे. प्रत्येकाने विकत घ्यायची गरज नव्हती. गावात हेच बचत गट करू शकतो. स्टीलची ताटं, वाट्या, पेल्यांचा एक संच गटाने घ्यायचा आणि थोड्या भाड्याने द्यायचा. एका पंगतीला २०० माणसं जेवली तर तेवढ्याच पत्रावळ्या, ग्लास, द्रोण उकिरड्यावर जातात. संच असेल तर ते वाचतं आणि गटालाही चार पैसे मिळतात. भांडी घासायचं काम मात्र बायकांवरच पडू नये, ते आधीच ठरवून घ्या.

सुरुवात कुठून करायची

सगळं एकदम करायला गेलं की आठ दिवसांत सुटतं. पहिल्या आठवड्यात फक्त गळके नळ आणि बाजाराची पिशवी. दुसऱ्या आठवड्यात ओला कचरा वेगळा काढून परसातल्या खड्ड्यात टाका, वर माती किंवा पालापाचोळा पसरा. काही महिन्यांत खत तयार होतं. महिना झाला की विजेचं बिल मागच्या बिलाशेजारी ठेवा आणि युनिट किती कमी झाले ते बघा.